पवार सर आणि नामपूरची कानबाई

पवार सर ख्रिस्ती होते, हे मला काल त्यांच्या दफनाचा निरोप आला तेव्हा कळलं.

तीन वर्षं त्यांच्या हाताखाली शिकले. नंतरची वीस वर्षं अधूनमधून फोन. तरी माहीत नव्हतं.

सर नाशिकच्या आमच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचे. शेवटच्या वर्षाला त्यांचा एक पेपर होता, जगातले धर्म. वर्गात आम्ही अकरा जण. बाकीच्यांनी सोपा म्हणून घेतला होता, मीही.

पहिल्या ट्युटोरियलमध्ये मी लिहिलं, सगळे धर्म शेवटी एकच शिकवतात.

सरांनी शून्य दिलं.

मी विचारायला गेले. म्हणाले, "किती धर्म जवळून बघितलेस?"

"आमचाच, सर."

"मग बाकीचे एकच शिकवतात हे कुणी सांगितलं? ते वेगळे आहेत. दुसऱ्याच्या घरी जा, काय करतात ते बघ, तेवढंच लिही. तुला काय वाटलं ते नको."

त्याच आठवड्यात माझी मैत्रीण नसरीन हिची आजी वारली. मी जुन्या नाशकात तिच्या घरी गेले. बायका चादरीभोवती बसल्या होत्या, मधे खजुराच्या बियांचा ढीग. कलमा पढायचा, एक बी बाजूला ठेवायची. तीन दिवस घरात चूल पेटली नाही, जेवण नातेवाइकांकडून यायचं.

आमच्याकडेही कुणी गेलं की भावकीतून पिठलं-भाकरी येते. मी तेही लिहिलं.

सरांनी खाली शेरा मारला : आता कुठे सारखं काय, ते कळायला लागलं.

ही गोष्ट गावात पोचली. पोचताना बदलली. कॉलेजवाले पोरींना मशिदीत नेतात, असं आप्पांच्या कानावर गेलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. नामपूरला कांदा करतात. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ते कॉलेजात हजर. मला घरी न्यायला आले होते. बॅग भर म्हणाले. मामाने एक स्थळ सांगून ठेवलेलंच होतं.

मी रडत सरांकडे गेले. सर स्वतः बाहेर आले.

"सर, मन्ही पोरले दुसरासना घरमा कसाले धाडतस तुम्ही?" आप्पांनी उभ्या उभ्याच विचारलं.

"बसा आप्पा. चहा सांगतो."

कॅंटीनमध्ये सरांनी धर्मावर एक शब्द काढला नाही. म्हणाले, "तुमच्याकडे श्रावणात कानबाई बसते ना? मी फक्त ऐकून आहे. कशी बसवता, सांगाल?"

आप्पा सांगायला लागले. गहू कसे धुवायचे, देवीला कसं सजवायचं, प्रसादाचे रोट कुणी करायचे, आणि ते भावकीतच का खायचे, बाहेरच्या कुणाला का द्यायचे नाहीत. सर लिहून घेत होते. मधे मधे थांबवून परत विचारत होते. आप्पांचं बोलणं इतकं नीट लिहून घेणारं त्यांना तोवर कुणी भेटलं नव्हतं.

तासाभराने आप्पा उठले. "श्रावणमा या सर," म्हणाले. माझ्या बॅगेचा विषय निघाला नाही.

श्रावणात सर खरंच आले. रविवार होता. सकाळी जमणार नाही, दुपारनंतर येतो म्हणाले होते. कुठे असायचे रविवारी सकाळी, ते आता कळतंय.

संध्याकाळी आरती झाली. सर भिंतीशी उभे राहून बघत होते. पंगत बसली तेव्हा आप्पांनी स्वतः रोट त्यांच्यापुढे धरला.

"पवार म्हंजे आपलाच शेतस. ल्या सर."

सर म्हणाले, "नाही आप्पा. भावकीबाहेर देत नाहीत ना? मग माझ्यासाठी नियम मोडू नका. मला साधी भाजी-भाकरी चालेल."

आईने त्यांना वेगळं ताट केलं. पोटभर जेवले. आप्पांना ते फार आवडलं होतं. माणूस रीत पाळणारा आहे, असं गावभर सांगत होते.

मी शिकले. आज सिन्नरला शाळेत शिकवते.

काल सकाळी आप्पांना फोन केला. सर गेले, आणि ते ख्रिस्ती होते, दोन्ही एकदमच सांगितलं.

आप्पांनी एवढंच विचारलं, "कितला वाजता शे?"

दहाच्या एसटीने आप्पा नाशिकला निघाले. वय आता त्र्याहत्तर.

दफनभूमीच्या फाटकाशी सरांच्या पत्नी भेटल्या. आप्पा त्यांना सरळच म्हणाले, तेव्हा कळलं असतं तर मी पोरीचं नाव कॉलेजातून काढलं असतं.

काकू म्हणाल्या, "ते त्यांना माहीत होतं."

मग म्हणाल्या, "त्यांना सांगायचं होतं हो. रोट नको म्हटलं, पण खरं कारण सांगितलं नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. नामपूरला एकदा जाऊन येऊ म्हणायचे. राहून गेलं."

आप्पांनी मान हलवली. ते रागावले होते का, मला अजून कळलेलं नाही.

प्रार्थना झाली. एकेक जण पुढे होऊन मूठभर माती टाकत होता. सगळ्यांच्या पायात चपला-बूट होते. आप्पांची पाळी आली तसे ते थांबले आणि मला हळूच विचारलं, "आठे चप्पल काढतस का?"

मला माहीत नव्हतं. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं.

"आमच्यात काढत नाहीत," काकू म्हणाल्या. "तुमच्याकडे काढत असाल तर काढा."

आप्पांनी चप्पल काढली. टोपी सारखी केली. माती टाकली आणि हात जोडून उभे राहिले. मागची रांग थांबली. कुणी घाई केली नाही.

पवार सर, शांत झोपा.
तुमच्या विद्यार्थिनीचा आणि नामपूरच्या आप्पांचा शेवटचा नमस्कार.