कागलच्या मैदानावरचा पास

कॉलेजांच्या कपाचा पहिला सामना खेळायला कोल्हापूरच्या स्टँडवरून मलकापूरची एसटी सुटली तेव्हा आमच्या कॉलेजचा फुटबॉल संघ बसच्या दोन टोकांना बसला होता. मधल्या बाकावर मी एकटा. नव्वदचं दशक सरत आलं होतं. नाशिकहून इथे शिकायला आलो आणि निव्वळ उंचीच्या जोरावर गोलकीपर झालो.

मलकापूरला धुकं विरायच्या आत सामना सुरू झाला. मधल्या फळीत आमचा कॅप्टन विश्वास, पुढे सर्जेराव. दोघंही असे खेळत की बघत राहावं. पण विश्वास सर्जेरावला पास म्हणून देईना, आणि सर्जेराव मागेना. सामना कसाबसा जिंकलो. कारण चहाच्या टपरीवर कळलं. विश्वास वरच्या पेठेचा, सर्जेराव खालच्या. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम (आखाडा, आणि त्याचाच फुटबॉल संघ) असते. आपल्या पोराने दुसऱ्या तालमीच्या पोराला बॉल पुरवलेला पेठेला खपत नाही.

मी कपाळावर हात मारला. विश्वास मात्र निवांत होता.

"तू नाशिकचा. तुला कुठली पेठच न्हाय," तो म्हणाला. "मी बॉल मागं तुला देतो, तू लांब सर्जाला मार. मिटलं की!"

पुढचा सामना बिद्रीला. त्या वाटेवर आमची बस उसाच्या ट्रॉलीमागे अडकली. सगळे खाली उतरलो. शेजारच्या गुऱ्हाळावर आम्हाला गरम काकवी (उसाच्या रसाचा पातळ गूळ) मिळाली. माझी जीभ भाजली, तरी मी दुसऱ्यांदा मागितली.

"म्याच हाय व्हय, पावणं? कुठलं तुमी?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं.

"कॉलेजचे."

"त्ये ऱ्हाऊ द्या. पेठ कुठली?"

बिद्रीत आमची युक्ती झकास चालली. विश्वास मागे माझ्याकडे, मी पुढे सर्जेरावकडे. समोरचा संघ चक्रावला. आडवळणाने गेलेल्या बॉलला पेठांचीही हरकत नव्हती.

अंतिम सामना कागलला होता. आमच्या कॉलेजने कप कधीच जिंकला नव्हता आणि विश्वासचं हे शेवटचं वर्ष. शिवाय दुसऱ्याच दिवशी कोल्हापुरात दोन्ही पेठांचा आपसात सामना होता, आणि लहानपणापासून डोळे लावून बसलेला तालमीचा शर्ट विश्वासला त्यात पहिल्यांदा मिळणार होता. पेठा टेम्पो भरभरून कागलला आल्या. वरच्या पेठेच्या तालमीच्या वस्तादांनी विश्वासला बाजूला घेतलं, पण त्यांचा आवाज सगळ्या मैदानाला ऐकू गेला.

"त्येला सरळ पास दिलास, तर उद्या भाईर बसायचं!"

विश्वासने मान डोलावली.

सामना संपत आला तरी बरोबरी सुटेना. एक बॉल अडवताना मी गोलच्या खांबाला धडकून पडलो, बॉल उसळून विश्वासच्या पायात गेला. त्याने सवयीने मागे पाहिलं. मी गुडघा धरून धुळीत आडवा. पलीकडे सर्जेराव मोकळा होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने हात वर केला. विश्वासने एकदा वस्तादांकडे पाहिलं, आणि सरळ पास दिला. सर्जेरावने गोल केला.

कप आमचा झाला. खालच्या पेठेने विश्वासला खांद्यावर घेतलं. वरची पेठ टेम्पोत जाऊन बसली. मी लंगडत का होईना, पण नाचलो.

दुसऱ्या दिवशी पेठांचा सामना बघायला गेलो, तर विश्वास प्रेक्षकांत. मला वस्तादांचा भयंकर राग आला.

"वाईट वाटतंय?" मी विचारलं.

"वाटतंय की. पण पास कसला हुता, सांग!"

एवढ्यात सर्जेरावने वरच्या पेठेवर गोल चढवला. त्याला सर्वांत मोठी शिवी विश्वासनेच हासडली. माझं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. साध्या चपला.

"बूट कुठायत तुझे?"

आपल्या जागी उतरलेल्या खेळाडूकडे त्याने हनुवटीने दाखवलं. "त्ये काय, खेळाय लागल्यात. त्येच्याकडं चांगलं न्हवतं."

सुट्टीत नाशिकला परतलो. घरच्यांनी कोल्हापूरचं खोदून खोदून विचारलं. काकवीचं सांगितलं, कपाचं तर छाती फुगवून सांगितलं. मग त्या बुटांचं सांगितलं, आणि कोणी न मागता पुन्हा एकदा सांगितलं.