कॅसेटमधला साहेब

नाशिकच्या इंदिरानगरात तेव्हा सायबर कॅफे नुकते निघाले होते आणि आमच्या कोपऱ्यावरच्या कॅफेत जाणारी पन्नाशीतली बाई मी एकटीच. पहिल्या दिवशी मालकानं विचारलं, "काकू, मुलाशी बोलायचंय का अमेरिकेत?"

म्हटलं, "माझा मुलगा सातपूरला नोकरीला आहे, जेवायला घरीच येतो. मला इंग्रजी शिकवायचंय."

मी काही शाळेतली बाई नव्हे. रेडिओवरच्या बातम्या ऐकत आणि शब्दकोश मांडीवर घेऊन पेपर वाचत इंग्रजी शिकले, आणि मग दुपारी घरीच बायकांचा वर्ग घ्यायला लागले. वाचणं-लिहिणं झकास चालायचं. उच्चार मात्र माझे पक्के नाशिकचे! आणि इथं, त्या कॅफेत, काय सापडावं? एक शब्दकोश असा, की कर्ण्याच्या चित्रावर टिचकी मारली की तो शब्द बोलूनच दाखवायचा. दुसऱ्या एका साइटवर दुकानातले, बँकेतले, कामावरचे संवाद होते, शिवाय छापून घ्यायला मजकूर. सगळं फुकट! कॉम्प्युटर घरी नव्हता म्हणून काय झालं, मी पिशवीतून टेपरेकॉर्डर नेला. स्पीकरला टेकवून धरायची आणि गेम खेळणाऱ्यांना दम द्यायची, "दोन मिनिटं कुणी हूं की चूं करायचं नाही." तरी त्या कॅसेटांमध्ये पंख्याची घरघर आहेच, आणि एका ठिकाणी कुणीतरी खणखणीत शिंकलंय.

वर्गात आमच्या गल्लीतली एक सून यायची, माहेर वणीकडचं. द्राक्षं परदेशी जातात त्या पॅकहाऊसमध्ये कामाला होती. घडातले खराब मणी कात्रीनं काढायचे आणि घड डब्यात भरायचे, हे काम तिनं इतकी वर्षं केलं होतं की नवीन बायकांना तीच शिकवायची. दिवाळीनंतर पॅकहाऊसच्या मालकानं तिला सांगितलं, "हंगामात तिकडची बाई येणार आहे माल बघायला. तिच्याशी इंग्रजीत बोललीस तर सुपरवायझर तू. नाहीतर पुण्याहून कुणाला तरी बोलवतो."

"पुन्याची येईल आनि मलाच विचारंल, घड कसा धरायचा!" ती म्हणाली. "काकू, मला बोलायचंय. कायबी करा."

मी तिला 'कामावरची ओळख' ही कॅसेट दिली. आठवड्याभरात आली ती सगळं तोंडपाठ करूनच, आरती म्हणावी तसं. मी कॅसेटमधल्या साहेबाचे प्रश्न विचारले, हिनं धडाधड उत्तरं दिली. मग मी सहज पुढचा प्रश्न आधी विचारला, "इथं तू काय काम करतेस?"

"आय अॅम फाइन, थँक यू."

बाकीच्या बायका हसून लोटपोट. ही माझ्यावरच चिडली. "तुम्ही मधूनच काय विचारता? त्याच्यात आधी तब्येत हाय!"

"अगं, ती बाई काय कॅसेट ऐकून येणार आहे का?"

पण मनात म्हटलं, कॅसेटवर हे भागायचं नाही. कॅसेटमधला साहेब थांबत नाही, अडत नाही, 'काय म्हणालात?' असं त्याला कुणी विचारलं तर ऐकत नाही. हिला जिवंत माणूस हवा.

तोही कॅफेतच मिळाला. शिकणाऱ्यांशी हौसेनं गप्पा मारणाऱ्या लोकांची एक साइट होती. तिथल्या एका परदेशी, निवृत्त मास्तरीणबाईंशी माझी पत्रापत्री चाले. त्यांना लिहिलं, हिला काहीही विचारा, फक्त ओळीनं विचारू नका. संध्याकाळी आम्ही दोघी एकाच खुर्चीवर अर्ध्या-अर्ध्या बसलो, हेडफोनचा एक कान तिला, एक मला. तिकडून पहिलाच प्रश्न आला, आज काय जेवलीस?

हिनं माझ्याकडे बघितलं. मी वर पंख्याकडे बघत राहिले.

"भाकरी," ती म्हणाली. भाकरी म्हणजे काय? "राउंड. हॉट. व्हेरी गुड!" तिकडे हसू, इकडे हसू. मग बाई सुसाट सुटल्या.

"काकू, लय जोरात बोलती ही. काय सांगू?"

"मला कशाला सांगतेस? तिलाच सांग."

"स्लो, प्लीज," ती माइकमध्ये जवळजवळ ओरडली. "वन्स मोअर!" आणि बाईंनी खरंच सावकाश, परत सांगितलं. त्या क्षणी तिचा चेहरा असा खुलला! तिकडचं माणूस आपल्यासाठी थांबतं, हे तिला ठाऊकच नव्हतं. मग हंगाम सुरू होईपर्यंत आम्ही जातच राहिलो. आवाज तुटायचा, लाइन जायची, पण हिचं बोलणं काही थांबायचं नाही.

पाहुणी येऊन गेली त्या संध्याकाळी ही कामावरच्या गाडीतून उतरली ती थेट माझ्याकडे. म्हणाली, पाहुणीनं ना नाव विचारलं ना गाव. हिनं बाजूला टाकलेला एक घड तिनं उचलला आणि भराभर काहीतरी विचारलं.

"मी म्हनले, स्लो, प्लीज. मालकाचं तोंड असं उतरलं! पर तिनं परत विचारलं, हा का टाकला? मंग मी तिच्या हातातच घड फिरवला, देठाजवळचा मनी दाखवला. म्हनले, धिस वन सॉफ्ट. लाँग टाइम इन बोट. ऑल बॉक्स बॅड."

"मग?"

"मंग काय, माझ्याच टेबलाशी उभी ऱ्हायली. विचारती, मी सांगती. विचारती, मी सांगती."

पाहुणी गेल्यावर मालकानं तिच्यासमोरच पुण्याला फोन लावला आणि माणूस नको म्हणून कळवलं. फोन ठेवून तिला म्हणाला, "सुटी व्हायच्या आधी सगळ्या कात्र्या मोजून घे. आता ते तू बघायचंस."