साडूच्या कॉम्प्युटरमधले दिवे

माझ्या साडूच्या कॉम्प्युटरला काचेचं कॅबिनेट होतं आणि आत निळे-जांभळे दिवे फिरायचे. कारंजा गावातल्या त्याच्या दुकानात ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी "छान आहे" म्हणालो. पोटात दुखत असताना माणसाला जेवढं गोड बोलता येतं, तेवढं बोललो.

धंदा दोघांचा एकच, लग्नपत्रिका आणि फ्लेक्सची डिझाइनं. मी वाशीमला बसस्टँडजवळ बारा वर्षांपासून, तो कारंज्यात जेमतेम दोन. सुरुवातीला त्याला फाँट मीच दिले, नमुनेही मीच. वर मी थोरला जावई. तरी इंझोरीला सासरी गेलं की ओसरीवर कौतुक त्याच्याच दुकानाचं. मी आपला चहात बिस्कीट बुडवत ऐकत बसायचो.

अशात धाकट्या मेव्हण्याचं लग्न ठरलं. सासरे म्हणाले, "पत्रिका जवायाच्याच हातची पाह्यजे. दोघंही रविवारी नमुना घेऊन या. ज्याचा चांगला, त्याचा छापू."

सासरे हसत म्हणाले, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अर्ध्या तालुक्याच्या पत्रिका मी केल्या आणि माझ्याच सासरची पत्रिका त्यानं केली, तर मी लोकांना काय तोंड दाखवणार होतो?

माझं मशीन थकलं होतं हे खरं. सकाळी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडायला टाकून मी समोर चहा पिऊन यायचो, तरी ते उघडतच असायचं. मोठा फ्लेक्स घेतला की स्क्रीन गोठायची. म्हणून दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं कॅबिनेट उघडलं, ब्लोअरनं धूळ उडवली आणि दोन मिनिटांत निकाल दिला.

"भाऊ, हार्ड डिस्क काढा अन् एसएसडी टाका. रॅम डबल करा. बाकी काईच नोका बदलू. मशीन पळते तुमचं."

"अन् ग्राफिक कार्ड?"

"कायले? गेम खेळता काय तुमी?"

"माह्या साडूकडं हाये."

त्यानं ब्लोअर खाली ठेवला. "साडूनं काहून घेतलं ते साडूले इचारा. अन् टाकाचंच असन तं एसएमपीएस बी बदला. हा जुना झाला, एवढा लोड नाई झेपत त्याले."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मी शहाणा नव्हतो, मी जळत होतो. एसएसडी आत बसते, दिसत नाही. रॅम दिसत नाही. एसएमपीएस म्हणजे तर वीज पुरवणारा पत्र्याचा डबा, त्याच्याकडं कोण बघतं? मला दिसणारी वस्तू हवी होती. मी काचेचं कॅबिनेट आणलं, दिव्यांचे पंखे आणले, दिव्यांचंच ग्राफिक कार्ड आणलं. हार्ड डिस्क जुनीच राहिली, तो डबाही जुनाच. मशीन काउंटरवर ठेवलं, काच रस्त्याकडं करून.

बायको दुकानात आली, पाहिलं आणि म्हणाली, "कामात काई फरक पडला का?"

"दिसते कसं ते पाह्य ना," मी म्हणालो.

शनिवारी दुपारी पत्रिका होत आली होती. चुलते, मामा, आत्या, समस्त मंडळी, साठेक नावं मानापानानं लावून झाली होती. एक नाव राहिलं तर जन्माचा रुसवा, म्हणून दोनदा तपासली. सेव्ह करायला गेलो आणि मशीन फट्कन बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा चालू झालं तर फाइल उघडेना.

मला न विचारता बायकोनं बहिणीला फोन केला. दीड-दोन तासांत साडू मोटारसायकलवरून दारात. मला धरणी दुभंगावी असं झालं.

तो हसला नाही. हसला असता तर मला भांडता तरी आलं असतं. त्यानं काच काढली, आत पाहिलं आणि हळूच विचारलं, "भाऊ, हे कार्ड आत्तापुरतं काढू का?" मी मान हलवली. कार्ड निघालं आणि मशीन गुमान चालू राहिलं.

मग तोच खुर्चीत बसला. मी नावं सांगत गेलो, तो टाइप करत गेला. त्याचा हात माझ्यापेक्षा हलका चालत होता, तेही माझ्याच हळू मशीनवर. त्यानं माझी सोनेरी वेलबुट्टी घेतलीच नाही. वर बारीक गणपती, खाली नावं, आणि चारी बाजूंनी मोकळा कागद. बारा वर्षं मी कोपरा न कोपरा भरत आलो होतो. मोकळी जागा सोडायची माझी कधी छाती झाली नव्हती. पत्रिका सुंदर झाली. मला ती फाडून टाकावीशी वाटली.

रविवारी इंझोरीला सगळे ओसरीवर जमले. सासरे म्हणाले, "काढा दोघं बी."

साडू म्हणाला, "मामाजी, मले टाइमच नाई भेटला. सीझन हाये ना. भाऊचा पाहा."

सासऱ्यांनी चष्मा लावला. एकेका नावाखाली बोट फिरवत पूर्ण पत्रिका वाचली, मग ती चुलत सासऱ्यांकडं दिली, तिथून ती बायकांत गेली. सगळ्यांना आवडली.

"लय झ्याक," सासरे म्हणाले. "हे सारं तुमीच केलं ना, जवाई?"

साडू खाली बघून सतरंजीचा दोरा ओढत होता. तो काही बोलणार नव्हता, हे मला कळलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि माझ्याकडंच पाहत होती.

"हो," मी म्हणालो, "मीच."

बायको आत निघून गेली.