मळका ॲप्रन

“तो ॲप्रन काढून ठेव. पाहुण्यांसमोर असला मळका नको. साध्या कपड्यात उभी राहा, हेल्पर म्हणून चालून जाशील.”

सर हे घड्याळाकडं बघत बोलले. माझ्याकडं बघायची त्यांना गरज वाटली नाही. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, केमिस्ट्रीची विद्यार्थिनी. ऋतुजाही त्याच वर्गात. तिचा ॲप्रन पांढराशुभ्र, इस्त्रीचा. तिला कुणी काढायला सांगितलं नाही.

मी बटणं सोडली. ॲप्रन घडी करून कपाटावर ठेवला. त्याच्यावर काजळी होती, स्पिरिटचे डाग होते, बाही एका जागी करपली होती. हे सगळं त्यांच्याच कामानं झालं होतं. काम करून मळलेला कपडा लाजेचा, आणि काम न करता पांढरा राहिलेला कौतुकाचा.

कॉलेजचं नाव सांगत नाही. धाराशिव जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे. मी मुरुमजवळच्या खेड्यातून एसटीनं यायचे. आमचा प्रोजेक्ट होता लाकडाला लावायच्या लेपाचा. असा लेप, की लाकडानं लवकर पेट घेऊ नये. सरांनी त्यात ज्वारीचा स्टार्च घातला होता. आच लागली की लेप तव्यावरच्या भाकरीसारखा टम्म फुगतो, वर काळी जाड साय धरतो आणि खालचं लाकूड वाचतं. वाचलं की नाही, हे जाळून बघायचं.

आणि जाळायचं काम माझं.

पत्र्याच्या पेटीत लोखंडी घोडीवर फळी तिरपी ठेवायची. खाली पितळी वाटीत मोजून स्पिरिट. पेटवायचं. स्पिरिट संपेपर्यंत उभं राहायचं. मग थंड करायचं, कोळसा खरडायचा, वजन करायचं. आधी कोरी फळी, मग लेपाची. वाऱ्यानं ज्योत हलते, म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. एप्रिल महिना, आणि आपल्याकडचं ऊन. त्या खोलीत मी एकटी. ऋतुजा दाराच्या काचेतून बघायची आणि आकडे लिहून घ्यायची. लेप कालवणं, ब्रशनं लावणं हेही तिच्याकडं. स्वच्छ काम, खुर्चीवर बसून.

मला तिचा हेवा वाटायचा. थोडाथोडका नाही. तिच्या नखांचा वाटायचा, कारण माझ्या नखांत कोळसा असायचा. तिच्या स्कूटीचा वाटायचा. सर तिला “ऋतुजा बेटा” म्हणायचे आणि मला “ए”, त्या “बेटा”चा तर इतका वाटायचा, की घरी येऊन जेवण जायचं नाही. तिचे काका संस्थेच्या कमिटीवर. ती वाईट असती तर बरं झालं असतं. शिव्या देऊन मोकळी झाले असते. पण ती चांगली होती. डब्यातली शेंगापोळी माझ्यापुढं सरकवायची. तिचं चांगलं असणंसुद्धा मला खुपायचं. तिला परवडत होतं ते.

प्रोजेक्ट सुरू झाला तेव्हा कामाची वाटणी सरांनी सगळ्या वर्गासमोर केली होती. मी विचारलं होतं, “सर, मी लेप लावू का?”

ते हसले. ते मूळचे आमच्याच गावचे. “अगं, तू जाळायचं बघ. तुझ्या आजोबांचा त्यात हातखंडा होता. आमच्या गावात कुणी गेलं की लाकडं फोडायला त्यांनाच बोलवणं जायचं.”

वर्ग हसला. ऋतुजा हसली नाही, खाली बघत राहिली.

माझा आजा सरणाची लाकडं फोडायचा, हे खरं आहे. ते त्यानं निवडलेलं काम नव्हतं. गावानं आमच्या घरावर लादलेलं होतं. मयत त्यांची, लाकडं आम्ही फोडायची. रचायची, आणि मग लांब जाऊन उभं राहायचं. पेटवायचा मान तेवढा त्यांचा. माझ्या बापानं कुऱ्हाड उचलायला नकार दिला. त्यावरनं गावात राडा झाला. बाप मुरुमला जाऊन पंक्चर काढायला लागला, पण कुऱ्हाडीला हात लावला नाही. आणि त्याची लेक एम.एस्सी.ला येऊन परत लाकडापाशी उभी. त्या दिवशी मी गप्प बसले. मार्क सरांच्या हातात होते.

पण माणसाचं मन कसं असतं बघा. जे काम माझ्यावर ढकललं होतं, तेच मी हळूहळू छातीशी धरलं. आपल्याकडं दुसरं काहीच नसलं की माणूस असं करतो. मला वाटायला लागलं, लेप तिचा असेल, खुर्ची तिची असेल, सर तिचे असतील, पण आग माझी आहे. माझ्याशिवाय यांचं पान हलत नाही. एकदा ऋतुजा दार उघडून म्हणाली, “तू घामाघूम झालीस. आज मी लावू का?”

“नको,” म्हणाले. “तुला जमायचं नाही.”

ती काचेमागं परत गेली. मला केवढा आनंद झाला होता. गाढवाला ओझ्याचा अभिमान वाटावा, तसा.

तर पाहुणे. पुण्याच्या एका कंपनीची माणसं लेप बघायला येणार होती. दोघींपैकी एकीला ते त्यांच्या प्रयोगशाळेत घेणार, असं सरांनीच सांगितलेलं. मला ती नोकरी हवी होती. जीव टांगून ठेवावा इतकी हवी होती. आईनं नवा ड्रेस शिवून घेतला. आई शाळेत खिचडी शिजवते. माझ्या कपड्यांचा वास घेऊन ती म्हणायची, “माय, तुझ्याबी अंगाला धूरच का गं? म्या तर तुला धुरातनं काढाया शिकीवलं.”

पाहुणे आले. दोन पुरुष, एक बाई. सरांनी ओळख करून दिली. “ही ऋतुजा. माझी रिसर्च स्टुडंट. फार हुशार.” मग हात माझ्या दिशेला जरासा हलला. “आणि ही मदतीला असते.”

नाव नाही. वर्ग नाही. मदतीला असते.

पाहुण्या बाईनं माझ्याकडं बघून मान हलवली, चहा आणणाऱ्या बाईकडं बघून हलवतात तशी. मग सर मला म्हणाले, “चल गं, लाव.”

काडीपेटी माझ्या हातात होती. घोडीवर कोरी फळी होती. ती जळून खाक झाली की लेपाची फळी उठून दिसते, तेवढ्यासाठीच ती असते. तिच्याकडं कुणी बघत नाही. माझ्या डोक्यात काहीतरी तुटलं.

“सर, आधी मी कोण आहे ते सांगा,” मी म्हणाले. “मीही एम.एस्सी.ला आहे. मी माझा ॲप्रन घालते, मग लावते.”

सर पाहुण्यांकडं बघून हसले. “पोरी जरा भावनिक असतात.” आणि मला, दात आवळून, “नाटकं नंतर. आधी लाव.”

“मग नाही लावत.”

मी काडीपेटी टेबलावर ठेवली. कपाटावरचा ॲप्रन घेतला, तिथंच सगळ्यांसमोर अंगात घातला आणि बाहेर आले. दाराच्या काचेशी उभी राहिले. आता यांची फजिती होणार. आता मला बोलवायला येणार. हात जोडणार. मी मनात किती घाई करत होते.

ऋतुजानं काडीपेटी उचलली. पंखा बंद केला. स्पिरिट मोजून ओतलं. काडी ओढली.

तिला सगळं जमलं.

एकसुद्धा चूक झाली नाही. कोरी फळी जळली. लेपाची फळी फुगली, काळी पडली, वाचली. तिनं खरडून खालचं लाकूड दाखवलं, पिवळं, जसंच्या तसं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. काचेतून आवाज आला नाही, नुसते हात दिसले. रोज ती या जागी उभी राहून बघत होती, शिकत होती. माझी म्हणून मी जपलेली आग तिनं सहज उचलली. तेवढा हेवा मला आयुष्यात कधी वाटला नव्हता. तोंड कडू झालं.

पाहुणे बाहेर आले तेव्हा मी त्या बाईंच्या पुढं गेले. “मॅडम, मी हेल्पर नाही. आजवरच्या सगळ्या फळ्या मीच जाळल्यात. माझीही मुलाखत घ्या.”

त्या गोंधळल्या. सरांकडं बघितलं. म्हणाल्या, “आमच्याकडं एकच नाव आलंय.”

एकच नाव. आजच्या आधीच गेलेलं. म्हणजे मी लावली असती तरी तेच, नाही लावली तरी तेच. माझा ॲप्रन पांढरा असता तरी तेच.

घरी आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापायची थांबली. मग म्हणाली, “दुसऱ्याच्या ताटात बघू न्हाय, बाई. आपलं नशीब आपल्या संगं.”

“आजोबांनी बघितलं नाही कधी. काय मिळालं?”

आईनं भाकरी तव्यावर टाकली. बाप दारात बसला होता. तो म्हणाला, “बघू दे तिला.”

त्या दिवशी मला कळलं. उपयोगी पडून कुणी माणसात घेत नाही. आजा जन्मभर उपयोगी पडला. मी कितीही चांगलं जाळलं असतं, तरी जाळणारीच राहिले असते. आणि हेवा हे पाप आहे, असं आम्हाला कुणी शिकवलं? ज्यांची ताटं भरलेली आहेत त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला गेले. तोच ॲप्रन घालून, न धुता. लेपाच्या टेबलाशी गेले आणि ऋतुजाच्या शेजारची खुर्ची ओढून बसले. ब्रश उचलला. सर म्हणाले, “हे काय?”

“आजपासून लेपही मी लावणार. जाळायचं काम दोघींनी पाळीनं. आणि सर, माझ्या आजोबांचं नाव तुम्ही परत घ्यायचं नाही. परत घेतलंत तर प्राचार्यांकडं नाही, पोलीस स्टेशनला जाईन. कायदा मला माहीत आहे.”

सर तांबडेलाल झाले. मार्क कापले त्यांनी, ते कापणार हे मला माहीतच होतं. ऋतुजा पुण्याला गेली. जाताना “सॉरी” म्हणाली. मी “ठीक आहे” म्हणाले नाही, कारण ठीक नव्हतं.

माझा हेवा गेलेला नाही. तो मी जाऊ देणार नाही. ॲप्रनही धुतलेला नाही. जिथं मुलाखत असेल तिथं तो घालून जाणार, आणि हे काय म्हणून विचारलं तर सांगणार, हे माझं काम आहे, नीट बघा.

आणि दुसऱ्याच्या ताटात मी बघणार. माझं काय काय तिकडं वाढलं गेलंय, ते मला ओळखू येतं. नुसती बघत बसणार नाही. उठून घेऊन येणार.