दत्तूने अंदाजाने दिलेली लेन्स

मैत्रिणींनो, आपलं हे फिरतं पत्र आज घाईने लिहितेय.

दत्तूकडून आलं ते असं: कडक लेन्सची जोडी, डबी, औषधाची बाटली. घरचे म्हणून त्याने दीडशेच रुपये घेतले. दत्तू माझा मावसभाऊ, घाटकोपरला त्याचं चष्म्याचं दुकान.

माझ्या लेकीचं, सुधाचं बुबुळ शंकूसारखं पुढे येतं, चष्म्याने भागत नाही. दत्तू म्हणाला, "टोचणारच ताई, लेन्स बुबुळाला आत दाबते." सुधा रडायची, तरी रोज माझ्या जपाच्या पाच माळा होईपर्यंत मी तिला लेन्स काढू द्यायची नाही.

आज इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाहिलं. लेन्स घासून बुबुळाच्या टोकावर पांढरा डाग पडलाय. म्हणाल्या, "लेन्सने दिसतं नीट, आजार मागे हटत नाही. आणि मापाची लेन्स अशी टोचत नाही. माप कुणी घेतलं?"

तडक दुकानात गेले. दत्तू म्हणतो, "अगं ताई, मापाचं यंत्र कुठंय माझ्याकडे? नाही म्हटलं असतं तर तू दुसरीकडे गेली असतीस ना!"

सुधा एवढंच म्हणाली, "आई, मी रोज सांगत होते."

तुमच्यापैकी दोघींच्या मुलांना मीच त्याच्याकडे पाठवलं. टोचतं का, आजच विचारा. हो म्हणाली तर लेन्स काढून ठेवा, आणि मला उलट टपाली कळवा.