बिनसाखरेचा चहा

आज सकाळी पेपरावरून नजर उचलली, तर ओट्याशी उभी असलेली बायको चहाचा पहिला घोट घेत होती. औषध गिळावे तसा तिचा चेहरा आक्रसला.

मला मधुमेह निघाला तेव्हा तिनेही साखर सोडली. "तुमच्यासमोर मी गोड चहा पिणं बरं दिसतं का?" म्हणाली होती. मी मात्र ऑफिसातून येताना कोपऱ्यावर जिलबी खातो आणि रुमालाला बोटे पुसून घरात शिरतो. प्रवासात शेजाऱ्याला बॅग सांभाळायला सांगून खुशाल फलाटावर भटकावे, तसे मी माझे शरीर तिच्या हवाली केले आहे.

उठून पाहुण्यांसाठी ठेवलेला साखरेचा डबा काढला आणि तिच्या कपात चमचाभर साखर घातली.

"अहो, हे काय?"

"तू गोड पी. माझं पथ्य मी सांभाळीन. मी बाहेर..."

"माहीत आहे. तुमचे रुमाल मीच धुते ना!"

ती चहा ढवळत राहिली.

संध्याकाळी कोपरा टाळून पलीकडच्या गल्लीने घरी आलो. घडी न मोडलेला रुमाल तिच्या हाती देतानाही मला तिच्याकडे बघवले नाही.