डोंगर चढणारी गाडी

पिकअप विकायची होती, तर आधी मला विचारायचं होतं. एवढंच माझं म्हणणं तेव्हा होतं आणि आजही आहे. समोर मी नवऱ्याला ‘आवं’ म्हणते, पण इथं कागदावर मी रागात आहे, तेव्हा ‘तो’ म्हणूनच लिहिणार.

दोन दिवस माहेरी गेले होते, तेवढ्यात हा उद्योग झाला. परत आले तर दारातल्या लिंबाखालची जागा रिकामी. खाली ऑइलचा काळा डाग तेवढा राहिलेला. मला वाटलं, सर्व्हिसिंगला नेली असेल. सासूबाई ओट्यावर लोकर निवडत बसल्या होत्या. मी आल्याचं दिसूनही त्यांनी मान वर केली नाही.

“इकली,” त्या म्हणाल्या. “मला तरी कुटं इचारलं त्येनं.”

आता यात एवढं काय, गाडीच तर होती, असं कुणाला वाटेल. म्हणून सांगते.

आम्ही आटपाडीकडचे मेंढपाळ. थोडी शेती आहे, डाळिंबाची बाग आहे, पण मेंढरं सोडलेली नाहीत. दिवाळी झाली की कळप घेऊन आम्ही उसाच्या मुलखाकडं निघतो. आधी कडेगाव, मग कऱ्हाड-मलकापूर. ऊस तुटून गेलेल्या रानात मेंढ्या बसवायच्या. रानाला खत मिळतं, आम्हाला धान्य आणि मेंढरांना चारापाणी. गडीमाणसं मेंढरांमागं चालत येतात आणि बिऱ्हाड हलवायचं काम बाईचं. पूर्वी ते घोड्यावरून जायचं. मेंढरांभोवती लावायची जाळी, म्हणजे वाघर, भांडीकुंडी, कोंबड्या, आणि आदल्या दिवशी जन्मलेली, चालता न येणारी कोकरं. हे सगळं घोड्यावर कसं लादायचं, पुढच्या रानात चूल कुठं मांडायची, ते बाईनं ठरवायचं. गडीमाणूस घोड्याच्या दोराला हात लावत नाही. घोडं विकायचं झालं तरी घरातल्या बाईनं हो म्हटल्याशिवाय त्याला बाजार दाखवत नाहीत. कुठं लिहून ठेवलेलं नाही हे, पण आमच्यात लहान पोरालाही माहीत असतं.

माझ्या नवऱ्यालाही माहीत होतं. फौजेत गेला आणि विसरला. यंदा पेन्शन घेऊन घरी आला, तरी आठवलं नाही.

शेवटचं घोडं म्हातारं झालं, तेव्हा तो सुट्टीवर आला, पिकअप दारात आणून लावली आणि पुन्हा सरहद्दीवर निघून गेला. पगारी ड्रायव्हर ठेवला, तर त्याला मेंढरांचा वास सोसेना, महिन्याभरात पळाला. सासूबाईंनी किल्ली माझ्या हातात दिली. म्हणाल्या, “दोर बाईच्या हातात आसतू. शीक.” आटलेल्या तलावाच्या पोटात मी गाडी शिकले. पहिल्याच दिवशी बाभळीत घातली. काचेतून आत आलेल्या फांदीनं गालावर ओरखडा काढला, तो अजून दिसतो. पुढं लायसन काढलं. अकरा वर्षं मी ती पिकअप चालवली. थंडीत पहिल्या चावीला उठायची. दुसरा गिअर तेवढा हट्टी होता, पण त्याची खोड मला कळली होती. हौद्यावर निळी ताडपत्री होती आणि मागच्या फाळक्यावर मी एक शिंगवाला पांढरा मेंढा रंगवून घेतला होता. कडेगावच्या रस्त्याला लोक तो मेंढा बघूनच हात करायचे.

आणि ही गाडी त्यानं एजंटाला देऊन टाकली. ताडपत्रीसकट!

त्याच आठवड्यात नवी गाडी आली. लालभडक. चाकं माझ्या कमरेला लागतील एवढी. पुढं दोर गुंडाळलेलं एक यंत्र, अडकलेली गाडी ओढून काढायला. बाजूनं टपापर्यंत गेलेली एक काळी नळी. ती कशाला, म्हणून मी विचारलं.

“छातीयेवड्या पान्यातनं जाती ही,” तो म्हणाला. “नळीतनं श्वास घेती.”

आटपाडीत! जिथं प्यायच्या पाण्याला टँकरची वाट बघितली, तिथं हा छातीएवढ्या पाण्यातनं जाणार. मी मागचं दार उघडून बघितलं. ऐसपैस सीट, आणि त्यामागं दोन पिशव्या मावतील एवढी जागा.

“आन कोकरं कुटं घालायची?”

“आगं, डोंगर चढती ही! फोर बाय फोर हाय.”

“डोंगर मेंढ्याबी चढत्यात. त्यास्नी गाडी लागत न्हाई.”

तो हसला. मी चेष्टा करतेय असं वाटलं त्याला. मग किल्लीसाठी हात पुढं केला, तेव्हा मात्र हसला नाही. किल्ली खिशात घालत म्हणाला, “ही तुला झेपायची न्हाई. लय पॉवर हाय. पाय जरा जास्त पडला तर उसळती.”

झेपायची नाही! पावसात, चिखलात, आजारी सासऱ्यांना मागं घोंगड्यात निजवून जिनं कडेगावपर्यंत गाडी नेली, तिला. त्या वेळी हा बर्फात कुठंतरी फौजेचा ट्रक चालवत होता. त्याचं मला कौतुकच आहे. पण बर्फात गाडी चालवली म्हणून घरच्या रस्त्यावरची अक्कलही आपल्यालाच, असं कुणी सांगितलं? पुढचा महिनाभर तो मित्रांना घेऊन गावामागच्या टेकडीवर गाडी चढवायचा, उतरवायचा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. वर जाऊन करायचं काय, तर पुन्हा खाली यायचं.

दिवाळी झाली. सासरे आणि दीर कळप घेऊन पुढं निघाले. बिऱ्हाडासाठी भाड्याचा टेम्पो सांगावा लागला. कोकरंही टेम्पोतच गेली, कारण सीट खराब होईल. मी लाल गाडीत नवऱ्याशेजारी पाहुणीसारखी, हात मांडीवर ठेवून बसले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या रस्त्यानं जाताना मला काही काम नव्हतं. मेली झोपही येत नव्हती.

कडेगावच्या अलीकडं एक शेतकरी दरवर्षी आम्हाला पहिलं रान देतो. बांधापाशी पोचलो आणि मी गाडी थांबायच्या आधीच खाली उतरले. रानात मेंढरं बसलेली होती. आमची नव्हती. आणि त्यांच्यापलीकडं, दरवर्षी मी लावते त्याच आंब्याखाली, माझी पिकअप उभी होती. निळी ताडपत्री. पांढरा मेंढा.

शेतकऱ्याची म्हातारी आई काठी टेकत आली. माझ्याकडं बघितलं, पिकअपकडं बघितलं आणि तिथंच थबकली.

“आगं, तू हितं, मग ती मान्सं कोन? गाडी तर तुझीच हाय की. लांबनं मेंढा बगितला, म्हनलं पोर आली. मी सोता कुंपान काडून दिलं गं.”

तिचा काय दोष? तिची नजर अधू, पण मेंढा ओळखण्याइतकी चांगली. त्या लोकांचाही दोष नव्हता. जतकडचं मेंढपाळाचं कुटुंब. एजंटाकडनं जुनी गाडी घेतली, रान शोधत रस्त्यानं चालले होते, एका म्हातारीनं हात करून बोलावलं, ते बसले. आणि बसलेला कळप उठवायचा नाही, हे आमच्यात ठरलेलं. आमची मेंढरं मागं दोन कोसांवर आली होती. संध्याकाळपर्यंत त्यांना बसायला रान हवं होतं.

शेतकऱ्याला फोन लावला. तो बिचारा ओशाळला. म्हणाला, ओढ्यापलीकडं चुलत्याचं रान मोकळं आहे, तिथं बसवा. टेम्पोवाल्यानं ओढा बघितला, सगळं सामान, कोकरांची टोपली बांधावर उतरवली आणि निघून गेला.

तेव्हा कुठं नवऱ्याचा चेहरा उतरला. तो तडक त्या पिकअपच्या मालकाकडं गेला. लांबून मला ऐकू येत होतं. चुकून विकली, परत द्या, म्हणत होता. मालक भला माणूस. “द्येतू की फौजी. तुमच्या घरच्यांचा जीव आडकला आसंल तर आमाला तरी कशी पचंल?” माझ्या अंगात एकदम बळ आलं. मी गाडीकडं चालत गेले, जवळजवळ पळतच.

ड्रायव्हरच्या जागी एक बाई बसली होती. पंचविशीची असेल. गाडी बंद, पाय क्लचवर आणि दोन्ही हातांनी गिअरशी झटापट चाललेली. नवरा मेंढरांमागं जातो, म्हणून आठ दिवसांपासून शिकत होती. मला बघून ओशाळं हसली.

“आक्का, तुमची हुती न्हवं ही? दुसरा पडंना बगा. कायबी करा, पडंना.”

मी बघतच राहिले. हातात हिरव्या बांगड्या, कपाळावर घाम आणि डोळे गिअरवरच. मला वाटलं, हिला सांगावं, उतर, माझी आहे. जिभेवर आलं होतं. खिडकीतून हात घालून तिच्या हातावर माझा हात ठेवला.

“वडू नगंस. आदी मोकळा सोड. जरा वर उचल, आन मग मागं घे. हां.”

गिअर पडला. ती लहान मुलीसारखी हसली. मी फाळक्यावरच्या मेंढ्यावरून एकदा हात फिरवला आणि परत आले. नवऱ्याला म्हणाले, “र्‍हाऊ द्या. तिची हाय आता ती. किल्ली द्या.”

“कसली किल्ली?”

“तुमच्या डोंगराची.”

“आगं, ही तुला...” एवढंच बोलला. माझ्याकडं बघून पुढचं गिळलं. किल्ली दिली.

मी मागचं दार उघडलं आणि सात कोकरं त्या ऐसपैस सीटवर ठेवली. एकानं ठेवल्या ठेवल्या सीट भिजवलं. नवऱ्याला म्हटलं, बसा मागं, पडतील ती. तो बसला, दोन कोकरं मांडीवर घेऊन. गाडी उसळलीबिसळली नाही. ओढ्यात उतरली, दगडांवरून गेली आणि पलीकडचा चढ चढून वर आली. बिऱ्हाड न्यायला पाच खेपा झाल्या. पाचही मीच केल्या. सासरे कळप घेऊन पोचले, तेव्हा वाघर लागलेली होती आणि चुलीवर आधण होतं.

एक कबूल करते. गाडी चांगली होती. आणि त्याचाच मला जास्त राग आला. एवढी चांगली गाडी होती तर माझ्यापासून लपवायची कशाला? मला शोरूमला नेलं असतं, बसवलं असतं, विचारलं असतं, तर कदाचित मीच हो म्हटलं असतं. हौदा हवा, एवढंच सांगितलं असतं. पण विचारलं तर बाई नाही म्हणेल, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. आणि त्याचं त्यानं एकदाही वाईट वाटून घेतलं नाही. सीटवरचा डाग मात्र तीन दिवस पुसत होता.

पंधरा दिवसांनी आम्ही मलकापूरजवळ उतरलो. एका सकाळी तो कऱ्हाडला पेन्शनच्या कामाला एसटीनं गेला. मी गाडी काढली आणि हायवेवरच्या एका गॅरेजात लावली. मिस्त्रीला म्हटलं, मागचं सीट पूर्ण काढा, खाली फळी ठोका, टपावर कॅरिअर बसवा. तो म्हणाला, “वैनी, नवी गाडी हाय. मालकास्नी इचारलंय का?”

“तुमी काडा,” म्हटलं.

दुपारी नवरा आला. सीट बाभळीखाली ठेवलं होतं आणि त्यावर सासरे तंबाखू मळत बसले होते. त्यानं सीटकडं बघितलं, गाडीत डोकावून बघितलं, पुन्हा सीटकडं बघितलं.

“आगं,” तो म्हणाला, “मला इचारायचं तरी हुतंस!”

सासऱ्यांचे हात थांबले. पुढच्या रानात जायचं होतं. मी मागचं दार उघडलं आणि एक कोकरू उचलून त्याच्या हातात दिलं.